वाचायला बाई चालते, अर्थ सांगायला का नाही?

माईची_नात

सलाम मंडळी. बरेच दिवस नुसती वाचत होते, आज धागा काढतेय.

आम्ही मूळचे नगर जिल्ह्यातले, पणजोबांच्या पिढीपासून ख्रिस्ती. आता पुण्यात. नाताळाच्या साफसफाईत आजीची, म्हणजे माईची, पत्र्याची ट्रंक उघडली. वर दोन नऊवारी, मध्ये डांबराच्या गोळ्या आणि तळाशी जुन्या टॉवेलात गुंडाळलेलं एक जाडजूड पुस्तक. मला वाटलं आपलं नेहमीचं पवित्र शास्त्र. पान उलटलं तर मुक्ति प्रेस, केडगाव. पंडिता रमाबाईंचं भाषांतर! माईने हे कधी कुणाला दाखवलं नव्हतं. निदान मला तरी नाही.

त्याच आठवड्यात उपासनेत शास्त्रपाठ वाचायची माझी पाळी होती. बायबलमधलं रोमकरांस पत्र, म्हणजे प्रेषित पौलाने रोमच्या ख्रिस्ती लोकांना लिहिलेलं, अध्याय १६. पौलाचे सलामच सलाम. उपासना झाल्यावर बाहेर पायरीवर तरुण संघाची चार पोरं उभी होती. त्यांना मी सहज म्हटलं, ही फीबी कोण होती माहीत आहे का, आणि दोन मिनिटं बोलले. मागून कमिटीतले एक काका आले आणि अगदी प्रेमाने म्हणाले, "बाई, वाचलंत फार छान. अर्थ सांगायचं मात्र पाळकसाहेबांवर सोडा." वर चहाला चला म्हणाले.

भांडण नाही झालं. चहाही प्यायले. पण घरी येऊन त्या ट्रंकेतल्या पुस्तकाकडे बघितलं आणि डोकं तडकलं. मराठीत अख्खं बायबल हिब्रू-ग्रीकवरून एका बाईने आणलं, आणि शंभर वर्षांनी बाईने दोन मिनिटं अर्थ सांगितला तर कुणाचा तरी चहा थंड होतो?

आमच्याकडे वर्षातून एकदा महिला रविवार असतो, तेव्हा बाई उपदेश करते. उरलेले एकावन्न रविवार आम्ही वाचतो, गातो, फुलं लावतो आणि चहा करतो. तुमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, काय पद्धत आहे? आणि शास्त्रात खरंच काय आहे? जाणकारांनी लिहावं. धर्मांतर चांगलं की वाईट यावर हा धागा नाही, ही आगाऊ विनंती.

तिरकस

पहिला!
केडगाव म्हणजे नगरचं ना? तिकडून रोज जातो मी, कधी प्रेस दिसली नाही.

खिळेजुळारी

तिरकस, ते केडगाव वेगळं. रमाबाईंच्या मुक्ती मिशनचं, म्हणजे त्यांच्या आश्रमाचं, केडगाव दौंड तालुक्यातलं, पुणे-दौंड लोहमार्गावर स्टेशन आहे. नारायण महाराजांचं बेटही तिथलंच. या दोन केडगावांत आजवर किती पार्सलं हरवली असतील देव जाणे.

धागाकर्तीने पुस्तकाची काळजी घ्यावी. जुना कागद कडेने सुटतो, पारदर्शक चिकटपट्टी चुकूनही लावू नका. डांबराच्या गोळ्याही दूर ठेवा.

मी स्वतः तीस वर्षं छापखान्यात काढली, म्हणून एक गोष्ट सांगतो. मुक्तीमध्ये खिळे जुळवण्यापासून छपाई आणि बांधणीपर्यंतचं काम तिथल्या बायका-मुली करत. आजच्या पिढीला याचा अर्थ कळणार नाही. खिळा हातात घेतला की अक्षर उलटं दिसतं, ओळ आरशात बघितल्यासारखी वाचावी लागते. इंग्रजीची सव्वीस अक्षरं, मोठी-छोटी धरून बावन्न. देवनागरीत मात्रा, वेलांट्या, रफार, जोडाक्षरं मिळून शेकडो घरं, आणि प्रत्येक घर हाताला पाठ पाहिजे. मी शिकलो तेव्हा पहिले सहा महिने नुसते खिळे घरात परत टाकायचं काम केलं होतं. वाक्य उलटं वाचून चूक पकडणं ही नंतरची पायरी. दुष्काळात उपाशी सापडलेल्या, आधी अक्षरओळखही नसलेल्या मुली ते करत होत्या. पवित्र शास्त्र पाठ नसलं तरी ते अक्षर-अक्षर बोटांखालून गेलेलं.

अश्वत्थ

विनंती वाचली, तरी लिहितो. रमाबाईंचं कौतुक करताना १८९३ विसरू नये. शारदा सदन, म्हणजे विधवांसाठीची शाळा, निधर्मी राहील असं सांगून काढलं, मग मुली ख्रिस्ती व्हायला लागल्या आणि रानडे, भांडारकरांसारखे सल्लागार राजीनामे देऊन बाहेर पडले. केसरीने उगाच टीका केली नव्हती. बाईच्या विद्वत्तेबद्दल शंका नाही, पण ही बाजूही नोंदवली पाहिजे.

जुनी_वही

अश्वत्थ, नोंदवली. आता दुसरी बाजूही नोंदवा. याच बाईंची इंग्लंडातल्या चर्चवाल्यांनाही तेवढीच डोकेदुखी होती.

१८८३ मध्ये वाँटेजला बाप्तिस्मा झाला. त्यानंतर तिथल्या सिस्टर जेराल्डिनबरोबरचा पत्रव्यवहार वाचा. त्रैक्याचा (पिता, पुत्र, पवित्र आत्मा मिळून एक देव) सिद्धांत मला शास्त्रातून दाखवा, नुसतं चर्च म्हणतं म्हणून मानणार नाही, हा बाईंचा हट्ट. एका पत्रात स्पष्ट लिहितात की भारतातल्या पुरोहितवर्गाचं जू मोठ्या कष्टाने मानेवरून उतरवलंय, आता तसंच दुसरं चढवून घ्यायची इच्छा नाही. चेल्टनहॅमच्या कॉलेजात असताना बाईंनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावं असा विषय निघाला, तर भारतातल्या बिशपांनी मोडता घातला. म्हणजे धागाकर्तीच्या पायरीवरच्या काकांचे पणजोबा तेव्हाही होतेच.

आणि तो क्रुसाचा किस्सा! गळ्यातल्या क्रुसावर लॅटिन अक्षरं होती. बाई म्हणाल्या, संस्कृत पाहिजे. संस्कृत पवित्र आहे म्हणून नाही, माझ्या देशाची सर्वांत जुनी आणि सुंदर भाषा आहे म्हणून. पुडिंगमध्ये अंडं असतं म्हणून तेही खात नसत. ब्राह्मणांनी ख्रिस्ती म्हणून टाकलं, आणि ख्रिस्ती मंडळींना या भारी हट्टी वाटल्या. बाजू घेणाऱ्यांत जोतीराव फुले होते, १८८५ च्या 'सत्सार'मध्ये.

तिरकस

पुडिंगवरून धर्मसभा! हे मला माहीत असतं तर इतिहासात पास झालो असतो.

पाळकाचा_मुलगा

धागा चांगला आहे. मी मात्र विरुद्ध मत मांडतो, राग नसावा.

माझे वडील पस्तीस वर्षं खेड्यापाड्यांत पाळक होते. आमच्या घरात बाईमाणसाला कमी लेखलं गेलं नाही. आई घराघरांत प्रार्थनेला जायची, कॉटेज मीटिंग घ्यायची, संडे स्कूल तिच्याच जिवावर चालायचं. तरीही व्यासपीठावरून मंडळीला शिकवणं वेगळं. १ तीमथ्य २:१२ मध्ये पौल सरळ सांगतो की बाईने शिकवू नये, पुरुषावर अधिकार चालवू नये. १ करिंथ १४ मध्येही स्त्रियांनी मंडळीत गप्प राहावं असंच आहे. मला पटतं की नाही हा प्रश्नच नाही. लिहिलंय ते लिहिलंय. सोयीचं ठेवायचं आणि गैरसोयीचं काढायचं असं करायला लागलो तर उद्या काय उरेल?

डेट्रॉईटकर

इकडे आमच्या लुथरन मंडळीत गेली नऊ वर्षं पाळक बाईच आहे. अमेरिकेत आमच्या बाजूच्या लुथरन मंडळींनी १९७० मध्ये बायकांना पाळकपदाची दीक्षा द्यायला सुरुवात केली. पलीकडच्या रस्त्यावर दुसरं लुथरन चर्च आहे, त्यांच्या शाखेत आजही देत नाहीत. मधे फक्त पेट्रोल पंप. बायबल दोन्हीकडे तेच.

सासूबाई भारतातून आल्या तेव्हा पहिल्या रविवारी नाक मुरडलं, "बाईच्या हातून प्रभुभोजन?" तिसऱ्या रविवारी त्याच पाळकबाईंना पुरणपोळीचा डबा घेऊन गेल्या.

वसईकर_कुपारी

आम्ही कॅथलिक, आमची गोष्टच निराळी. आमच्याकडे मिस्सात, म्हणजे उपासनेत, पहिलं आणि दुसरं वाचन बाई करते, कित्येक वर्षं करतेय. शुभवर्तमान मात्र डीकन (फादरच्या खालचा दीक्षित सेवक) नाहीतर फादर वाचणार आणि प्रवचनही तेच देणार. गंमत म्हणजे बायका इतकी वर्षं वाचत होत्या, पण 'वाचक' हे रीतसर पद बायकांना २०२१ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी खुलं केलं. म्हणजे नोकरी आधी, नेमणुकीचं पत्र नंतर. धर्मगुरुपदाचा दरवाजा तर १९९४ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी कडी लावून बंद केलाय.

पण विद्वत्तेचं म्हणाल तर आविलाची तेरेसा आणि सिएनाची कॅथरिन या दोघींना १९७० मध्ये 'चर्चच्या आचार्य' ही पदवी दिली. त्यातली कॅथरिन चौदाव्या शतकात खुद्द पोपना पत्रं लिहून रोमला परत या म्हणून खडसावायची. दीक्षा नाही, पद नाही, डॉक्टरेट मात्र सहाशे वर्षांनी मिळाली.

तिरकस

सहाशे वर्षं? आमच्या विद्यापीठातही साधारण तेवढीच लागतात.

सेमिनरीतली

मी ईशज्ञान शिकलेय, नवा करार माझा विषय. थोडं लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

फीबीपासून सुरू करते, धागा तिच्यावरूनच निघालाय. रोम १६:१ मध्ये पौल तिला किंख्रियाच्या मंडळीची 'दियाकोनोस' म्हणतो. फिलिप्पै १:१ मध्ये मंडळीच्या पदाधिकाऱ्यांना वापरलेला शब्द तोच. मराठीत तिथे सेवक आहे आणि इथे सेविका. भाषांतर चूक नाही, पण कानाला काय होतं बघा. सेवक म्हटलं की कोणीतरी जबाबदार माणूस उभा राहतो, सेविका म्हटलं की...

तिरकस

अंगणवाडी सेविका!

सेमिनरीतली

माझ्या तोंडातलं घेतलंत. आणि अंगणवाडी सेविका तरी कमी काय करते? गाव तीच चालवते, मानधन तेवढं कोणी विचारू नका. फीबीची गतही तीच झाली.

पुढच्याच ओळीत पौल तिला 'प्रोस्तातिस' म्हणतो. हा शब्द आश्रयदाता, पाठीराखा अशा वजनाचा, म्हणजे पैसा, घर, ओळख सगळं असलेली बाई. आणि बहुतेक अभ्यासक मानतात की रोमचं पत्र घेऊन गेली तीच. तेव्हा टपाल म्हणजे पाकीट टाकून निघून जाणं नव्हतं. पत्र आणणाऱ्यालाच लोक विचारणार, पौलाला इथे काय म्हणायचंय? रोमकरांस पत्र आजही भल्याभल्यांना कळत नाही, मग त्या लोकांनी तिला प्रश्न विचारले नसतील? मला तर वाटतं त्या पत्राचा पहिला अर्थ तिनेच सांगितला असणार. धागाकर्ती, तुमच्या काकांना हे चहा पिताना सांगा.

त्याच अध्यायात पौल ज्यांना सलाम सांगतो त्यांत फीबी धरून दहाएक बायका आहेत. सातव्या ओळीत अंद्रोनिक आणि यूनिया, 'प्रेषितांमध्ये नामांकित'. ग्रीकमध्ये ते नाव ज्या रूपात येतं ते आघातचिन्हाच्या फरकाने पुरुषाचंही वाचता येतं. म्हणून पुढच्या काळात तिचा 'यूनियास' नावाचा पुरुष करून टाकला. अडचण एवढीच की त्या काळच्या लेखांमध्ये यूनिया हे बाईचं नाव हवं तेवढं सापडतं, यूनियास नावाचा पुरुष मात्र सापडत नाही. चौथ्या शतकातला धर्मोपदेशक ख्रिसोस्तोम, जो काही स्त्रीवादी नव्हता, तोही तिला बाईच समजून तिची थोरवी गातो. मराठीत तर ही चोरी लपतच नाही. दोघं नवरा-बायको असतील तर 'ती नामांकित आहेत' म्हणायचं की 'ते नामांकित आहेत'? आमची भाषा लिंग विचारल्याशिवाय पुढे जाऊ देत नाही. घरोघरी जाऊन आपापली प्रत उघडा आणि बघा.

माईची_नात

काय सुंदर लिहिलंय! मी आत्ता माईची प्रत आणि रोजची प्रत शेजारी ठेवून बसलेय. मुलगा विचारतोय परीक्षा तुझी आहे की माझी.

पाळकाचा_मुलगा

सेमिनरीतली ताई, फीबीचं मान्य. पण माझ्या वचनांचं उत्तर नाही आलं. सलाम सांगणं आणि शिकवायची परवानगी देणं यात फरक आहे.

सेमिनरीतली

बरोबर, टाळलं नव्हतं, भाकरी करपत होती.

१ करिंथ आधी. अध्याय १४ मध्ये गप्प राहा आहे, पण त्याच पत्रात ११:५ मध्ये प्रार्थना करणाऱ्या, संदेश देणाऱ्या बाईने डोकं झाकावं असं आहे. आपल्या आया अजून प्रार्थनेला डोक्यावर पदर घेतात तो तिथूनच. आता जिने तोंडच उघडायचं नाही तिने संदेश देताना पदर घ्यावा हे पौल कशाला सांगेल? शिवाय १४:३४-३५ या ओळी काही जुन्या हस्तलिखितांत चाळिसाव्या ओळीनंतर येतात. म्हणून काहींना वाटतं की ती मूळची समासातली नोंद असावी. यावर विद्वानांत एकमत नाही. मी एवढंच म्हणते की 'लिहिलंय ते लिहिलंय' म्हणताना कुठे लिहिलंय हेही बघावं लागतं.

१ तीमथ्य २:१२ अवघड आहे, ते मी गोड करून सांगणार नाही. 'अधिकार चालवणे' याला तिथे 'औथेन्तेइन' हे क्रियापद आहे, ते अख्ख्या नव्या करारात एकदाच येतं. अधिकारासाठी पौल एरवी जे शब्द वापरतो ते इथे नाहीत. म्हणून काही म्हणतात, इथे हुकमत गाजवणं, दुसऱ्याला दाबणं असा अर्थ आहे आणि तीमथ्य जिथे होता त्या इफिस शहरातल्या ठरावीक गोंधळाबद्दल हे लिहिलंय. दुसरे म्हणतात, नाही, साधा अधिकारच आणि सगळ्या काळासाठी. दोन्हीकडे प्रामाणिक माणसं आहेत. पण प्रेषितांची कृत्ये १८:२६ विसरू नका. अपुल्लो एवढा वक्ता, त्याला घरी नेऊन मार्ग नीट समजावून देणारी जोडी प्रिस्किल्ला आणि अक्विला, आणि तिथे नाव आधी तिचं.

पाळकाचा_मुलगा

घरी नेऊन. व्यासपीठावर नाही. :)

तिरकस

तेव्हा व्यासपीठं होतीच कुठे, मंडळी घरातच भरायची ना? ख्रिस्ती नसून मला एवढं कळतंय म्हणजे धागा भलताच उपयुक्त आहे.

निळी_शाई

+१ तिरकस.

मी एका बायबलबाईची पणती. माझी पणजी खांद्याला पिशवी अडकवून वाड्यावस्त्यांवर जायची, बायकांना गोष्टी सांगायची, वाचायला शिकवायची. परड्यात, विहिरीवर, जात्याशी. कागदोपत्री ती मिशनची 'मदतनीस'. पगार पाळकाच्या किती खाली होता ते विचारू नका. पण सांगायची ती शास्त्राचा अर्थच. जात्यावर बसलेल्या बाईला दाखला सांगायचा तर तो तिच्या पिठा-मिठात आणावाच लागतो. यालाच निरूपण म्हणत नाहीत का? पुरुष ऐकायला नसले की बाईचं बोलणं उपदेश ठरत नाही, एवढंच.

जुनी_वही

निळी_शाई, अगदी. लक्ष्मीबाई टिळकांचंच बघा. शाळेचं तोंड न पाहिलेली बाई. नवऱ्याने, रेव्हरंड टिळकांनी, अर्धवट सोडलेलं 'ख्रिस्तायन' हे ओवीबद्ध महाकाव्य कोणी पूर्ण केलं? लक्ष्मीबाईंनी. बहुतेक अध्याय त्यांचेच. येशूचं अख्खं चरित्र ओवीत लावायचं म्हणजे पानोपानी अर्थ लावणं आलंच. पण लोकांना 'स्मृतिचित्रे' माहीत, त्यातले विनोद माहीत. ख्रिस्तायनाची भाष्यकार म्हणून नाव घेताना मी कुणाला ऐकलेलं नाही.

आणि आपल्याकडे ही परंपरा काय नवी आहे? गोव्यात फादर स्टीफन्सने १६१६ मध्ये मराठी ओव्यांत क्रिस्तपुराण छापलं. आमच्यात गाणं आणि निरूपण कधी वेगळं नव्हतंच.

वसईकर_कुपारी

अवांतर: फादर फ्रान्सिस दिब्रिटोंच्या 'सुबोध बायबल'ला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला तेव्हा आमच्याकडे पेढे वाटले होते. सुंदर मराठी. रमाबाईंचं भाषांतर मात्र मी वाचलेलं नाही. वाचायला कसं आहे?

माईची_नात

खरं सांगू? खडबडीत. काही ठिकाणी वाक्य असं उभं राहतं की परत वाचावं लागतं. मी संध्याकाळी मोठ्याने वाचून बघितलं, जीभ अडखळते.

सेमिनरीतली

तो खडबडीतपणा जाणूनबुजून आहे. मूळ हिब्रू-ग्रीकला शब्दशः चिकटायचं, आणि शब्द मात्र साधे, खेड्यातल्या बाईला कळतील असे. आधीच्या भाषांतरांतले संस्कृत वळणाचे शब्द रमाबाईंना खटकायचे, कारण त्यांना दुसऱ्या तत्त्वज्ञानाचा वास लागलेला. हे कोण म्हणतंय बघा. जिच्या आईने पहाटे उठवून संस्कृत पाठ करून घेतलं, जिला कलकत्त्याच्या पंडितांनी 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हटलं, ती बाई. संस्कृत शब्दात काय काय दडलंय हे तिच्याइतकं कोणाला कळणार? गोऱ्या मिशनऱ्याला तो नुसता भारदस्त शब्द वाटायचा.

पण मंडळ्यांनी ते भाषांतर उचललं नाही हेही खरं. उपासनेत वाचायला ते जड जातं. म्हणून ट्रंकेत सापडतं.

खिळेजुळारी

काम सुरू झालं साधारण १९०५ च्या सुमारास आणि संपलं १९२२ मध्ये. १९२१ च्या जुलैत मुलगी मनोरमा गेली, पुढच्या एप्रिलच्या ५ तारखेला बाई गेल्या. सांगतात की शेवटची मुद्रितं तपासण्यासाठी दहा दिवस आणखी दे अशी प्रार्थना केली आणि काम संपवूनच प्राण सोडला. पूर्ण बायबल १९२४ मध्ये बाहेर पडलं.

अश्वत्थ

दहा दिवसांची गोष्ट भाविकांनी रचलेली वाटते.

खिळेजुळारी

असेलही. मुद्रितं तपासणाऱ्याला दहा दिवस कधीच पुरत नाहीत एवढं मात्र अनुभवाने सांगतो.

निळी_शाई

अख्खं बायबल मूळ भाषांतून आणणारी जगातली पहिली आणि एकमेव बाई म्हणजे रमाबाई. शाळेत असताना सरांनी सांगितलेलं.

डेट्रॉईटकर

एकमेव नाही हो. कनेक्टिकटमधल्या ग्लास्टनबरीच्या ज्युलिया स्मिथने १८७६ मध्ये एकटीने अख्खं बायबल इंग्रजीत आणून पदरच्या पैशाने छापलं. पाच वेळा भाषांतर केलं, दोनदा हिब्रूवरून, दोनदा ग्रीकवरून, एकदा लॅटिनवरून. छापलं तेव्हा वय चौऱ्याऐंशी. छापायचं कारण तर फारच झकास. मताधिकार नाही तर कर नाही म्हणून दोघी बहिणी अडून बसल्या, वसुलीवाल्यांनी त्यांच्या गायी जप्त केल्या. मग बाई म्हणाल्या, बाईला काय येतं ते दाखवतेच.

तिरकस

गायी सोडवायला बायबल! आमच्याकडे सात-बारा मागतात.

निळी_शाई

अरेच्चा. मग सरांचं चुकलं. पण रमाबाईंनी शिवाय छापखाना, शेती, शाळा, हजारावर बायकामुलांचं जेवणखाण सांभाळून हे केलं, तेवढं ठेवते.

सेमिनरीतली

ठेवा की. चौथ्या-पाचव्या शतकातल्या जेरोमच्या लॅटिन बायबलमागे पैसा आणि डोकं लावणारी पाउला नावाची रोमन विधवा होती. ती इतकं चांगलं हिब्रू शिकली की स्तोत्रं म्हणताना लॅटिन हेल येत नसे, हे जेरोमनेच लिहून ठेवलंय. ती गेली ४०४ मध्ये. मुखपृष्ठावर नाव जेरोमचं.

आणि एक 'साहाय्यक'चं राहिलं. उत्पत्ती २:१८ मध्ये हव्वेसाठी जो शब्द आहे तो 'एझेर'. लग्नात हमखास वाचतात आणि नवरीकडे बघून हसतात. आता स्तोत्र १२१ आठवा: मला साहाय्य कोठून येईल? तिथेही एझेरच, आणि ते साहाय्य परमेश्वराकडून येतं. जुन्या करारात हा शब्द बहुतेक वेळा देवासाठीच आलाय. देवाला कोणी हाताखालचा म्हणत नाही.

पाळकाचा_मुलगा

आमच्या घराचं नाव 'एबनेझर' आहे. बाबांनी निवृत्तीनंतर बांधलं. साहाय्याचा धोंडा. म्हणजे पाटीवर तोच शब्द?

सेमिनरीतली

तोच. :)

पाळकाचा_मुलगा

हं.

माझं मत बदललेलं नाही, स्पष्ट सांगतो. पण एक आठवलं ते लिहितो. बाबा शनिवारी रात्री उपदेश स्वयंपाकघरात वाचून दाखवायचे. आई पोळ्या लाटता लाटता ऐकायची. मधेच म्हणायची, "हे कोणाला कळणार नाही." बाबा चिडायचे, बाहेर जाऊन येरझाऱ्या घालायचे, मग येऊन तो परिच्छेद खोडायचे. कधी कधी दोन खोडायचे. उपदेश बाबांचाच असायचा, एवढं मात्र नक्की.

निळी_शाई

नक्की ना?

संपादक

एक-दोन प्रतिसाद उडवले आहेत. धर्मांतराच्या राजकारणासाठी वेगळा धागा काढावा. पुडिंगवरचे विनोद राहू दिले आहेत.

जुनी_वही

धागाकर्तीच्या मूळ प्रश्नाकडे वळू या, आपण कनेक्टिकटच्या गोठ्यापर्यंत पोचलो. नियमाने बघाल तर आपल्याकडच्या मोठ्या प्रोटेस्टंट मंडळ्यांत बाईच्या दीक्षेला आता आडकाठी नाही. दक्षिणेत नंद्यालला २०१३ मध्ये पुष्पा ललिता बिशप झाल्या, चर्च ऑफ साउथ इंडियाच्या पहिल्या. इंग्लंडात सारा मुलाली, ज्या आधी नर्स होत्या, त्यांची २०२५ मध्ये कँटरबरीच्या आर्चबिशपपदी निवड झाली. तेव्हा काकांना नियम विचारला तर त्यांच्याकडे उत्तर नसेल, सवय तेवढी आहे.

सेमिनरीतली

मूळ प्रश्न 'वाचायला बाई, सांगायला पुरुष' हा होता ना? मग २ राजे २२ वाचा. योशिया राजाच्या काळात मंदिरात नियमशास्त्राचं पुस्तक सापडतं. शाफान लेखक ते राजाला वाचून दाखवतो, राजा कपडे फाडतो, पण याचा अर्थ काय हे कोणालाच सांगता येत नाही. यिर्मया संदेष्टा तेव्हा देवाचा संदेश देतच होता. तरी मुख्य याजक हिल्कियासकट पाच पुरुष जातात हुल्दा या संदेष्ट्रीकडे, यरुशलेमेच्या दुसऱ्या भागात, कपडेपट सांभाळणाऱ्याच्या बायकोकडे. आणि ती सुरुवात कशी करते? "ज्या माणसाने तुम्हाला पाठवलं त्याला सांगा." राजाबिजा नाही, माणूस. वाचलं पुरुषांनी, अर्थ सांगितला बाईने, आणि राज्यभर सुधारणा झाली.

तिरकस

पाच पुरुष अर्थ विचारायला बाईच्या दारात. चहा कोणी केला याची नोंद आहे का?

माईची_नात

मंडळी, तीन दिवसांनी येतेय. सगळे प्रतिसाद वाचले, काही वहीत उतरवून घेतले.

रविवारी त्याच काकांना गाठलं. फीबीचं सांगितलं, यूनियाचं सांगितलं. ते ऐकून घेतात हे कबूल केलं पाहिजे. म्हणाले, "बाई, एवढं सगळं मला आत्ता कळणार नाही, बुधवारच्या शास्त्राभ्यासात सांगा." पाळकसाहेब शेजारीच होते, त्यांनी लगेच हो म्हटलं. बहुतेक बुधवारी त्यांना सुट्टी हवी असावी. तर पुढच्या बुधवारी मी हुल्दा घेतेय. महिला रविवार नाही, साधा बुधवार. पुरुषही असतात.

त्याआधी शनिवारी केडगावला जाऊन यायचा विचार आहे. दौंडकडच्या, तिरकस, दौंडकडच्या.

पाळकाचा_मुलगा

किती वाजता असतं बुधवारी? आईला घेऊन येईन म्हणतो, तिला आवडेल. मला पटेलच असं नाही. नंतर चहा असतो ना?

माईची_नात

सात वाजता. चहा असतो. या वेळी पुरुषांनी करायचा असं ठरलंय. साखर कुठे ठेवलेली असते हे विचारायला काकांचा आत्ताच फोन येऊन गेला.